'नेट चालत नाही' म्हणजे नेमके काय?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकली आहेत. इल्म मिळविणे हे स्त्री-पुरुष दोघांवरही फर्ज आहे, हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. यास्तव आज मी एका लहानशा, रोजच्या अडचणीविषयी बोलणार आहे. आपल्या काही घरांत मुलांच्या अभ्यासासाठी 'रास्पबेरी पाय' नावाचा छोटा संगणक आला आहे. एटीएम कार्डाएवढी एक पाटी, तिला घरचाच टीव्ही, एक कीबोर्ड आणि एक माऊस जोडला की झाला संगणक. हा संगणक घरात आला की चार-सहा महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "सर, नेट चालत नाही." त्यानंतर तो कपाटात जातो, आणि पुष्कळदा तेथेच राहतो.

हे यंत्र मुळात कोणासाठी तयार झाले, ते आधी पाहू. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत चालली होती, आणि येणाऱ्यांना यंत्राशी स्वतः खटपट करण्याचा सरावही उरला नव्हता. ही गोष्ट इबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवली. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल असा स्वस्त संगणक असावा, या हेतूने त्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी हा संगणक विक्रीस आणला. पहिल्या नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. म्हणजे मुलांनी त्याच्याशी झटावे, तो अडला तर कारण शोधावे, यासाठीच त्याचा जन्म आहे. तो अडला म्हणून कपाटात ठेवणे म्हणजे धडा सुरू होताच पुस्तक मिटण्यासारखे आहे.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. दोष शोधायला अभियंत्याची पदवी लागत नाही, क्रम लागतो. आपल्यापैकी अनेकजण रिक्षा चालवतात. रिक्षा बंद पडली तर चांगला मेकॅनिक प्रथमच इंजिन खोलत नाही. आधी पेट्रोल पाहतो, मग प्लग काढतो, मग पुढे जातो. नेटचेही तसेच आहे. जवळून सुरुवात करावी आणि एकेक पायरी दूर जावे. मी पाच प्रश्न सांगतो, ते वहीत उतरवून घ्या.

पहिला प्रश्न: यंत्राला पुरेशी वीज मिळते का?

नेटचा आणि विजेचा काय संबंध, असे आपणास वाटेल. परंतु घरात पडून असलेला कुठलाही मोबाईलचा चार्जर या संगणकाला लावला जातो, आणि अनेक तक्रारींचे मूळ तेथेच असते. पाय-३ ला अडीच अँपिअरचा, पाय-४ ला पाच व्होल्ट व तीन अँपिअरचा, तर पाय-५ ला पाच व्होल्ट व पाच अँपिअरचा चार्जर सांगितलेला आहे. वीज कमी पडली की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह किंवा कमी व्होल्टेजची सूचना दिसते. अशा वेळी संगणक चालू दिसतो, पण वायफाय मध्येच तुटते, यूएसबीला लावलेली वस्तू गायब होते, आणि कधी मेमरी कार्डही बिघडते. बारीक, लांबलचक केबलनेही हेच होते. म्हणून चिन्ह दिसले तर आधी चार्जर व केबल बदला.

दुसरा प्रश्न: जोडणी झाली आहे का?

केबल लावली असेल तर तिच्या खाचेजवळचे बारीक दिवे पाहा. दोन्ही टोके नीट बसवूनही दिवे लागत नसतील, तर दुसरी केबल लावून पाहा. वायफाय असेल तर यादीत आपल्या घरचे नाव दिसते का ते पाहा. नाव दिसत नसेल तर तीन कारणे तपासावीत. एक, यंत्र कोणते आहे? पाय-१ व पाय-२ मध्ये वायफाय मुळीच नाही. २०१६ च्या पाय-३ मॉडेल बी मध्ये आणि लहान झिरो डब्ल्यूमध्ये वायफाय आहे, पण केवळ २.४ गिगाहर्ट्झचे. राउटर किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर या यंत्रांना तो दिसणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडले की काम होते. दोन, देश कोणता निवडला आहे? देश निवडलेला नसेल तर वायफाय बंदच ठेवले जाते. आणि कार्ड तयार करताना चुकून अमेरिका निवडली गेली, तर १२ व १३ क्रमांकाच्या वाहिन्या वगळल्या जातात. आपल्याकडे त्या चालतात, तेव्हा राउटर तेथे असला की तो दिसत नाही. तीन, पाटी पत्र्याच्या डबीत तर बसवलेली नाही ना? धातू लहरींना अडवतो.

नाव दिसते पण जोडणी होत नाही, तर पासवर्ड पुन्हा सावकाश टाइप करावा. इंग्रजीतील लहान व मोठी अक्षरे वेगळी धरली जातात.

तिसरा प्रश्न: यंत्राला पत्ता मिळाला का?

पोस्टमनला घराचा पत्ता लागतो, तसा जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. तो राउटर देतो. 'टर्मिनल' नावाची काळी खिडकी उघडा. इंग्रजीत 'होस्टनेम' लिहा, एक जागा सोडा, आडवी रेघ द्या, तिला चिकटून मोठा 'आय' लिहा आणि एंटर दाबा. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा आला तर बहुधा पत्ता मिळाला. काहीच आले नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा आला, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करावा आणि पुन्हा पाहावे.

शाळांच्या प्रयोगशाळेत येथे एक गंमत घडते. एक कार्ड तयार करून त्याच्याच दहा प्रती काढणे सोयीचे असते. परंतु मूळ कार्डात पत्ता कायमचा ठरवून ठेवला असेल, तर दहाही यंत्रे तोच पत्ता सांगतात. एकेक चालवले तर सर्व उत्तम, एकदम चालवली की गोंधळ. अशा वेळी ठरावीक पत्ता काढून टाकावा आणि पत्ते वाटण्याचे काम राउटरवर सोपवावे.

चौथा प्रश्न: हाक कोठपर्यंत पोहोचते?

यासाठी 'पिंग' ही आज्ञा आहे. आधी 'आयपी' लिहून जागा सोडून 'राउट' लिहा. 'डीफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे जो आकडा येतो, तो आपल्या राउटरचा पत्ता. आता 'पिंग' लिहून पुढे तो आकडा द्या. उत्तरे येऊ लागली की यंत्रापासून राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे. कंट्रोल व 'सी' एकत्र दाबून ते थांबवावे. मग 'पिंग' पुढे ८.८.८.८ द्या. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बहुधा दोष घराबाहेर आहे. कनेक्शन देणाऱ्या कंपनीला फोन करा, किंवा मोबाईलचा त्या दिवसाचा डेटा संपला आहे का ते पाहा. काही कार्यालयांत व शाळांत पिंगला मुद्दाम उत्तर दिले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे मोबाईलची मदत घेता येते. तोच वायफाय मोबाईलला जोडा, पण आधी त्याचा मोबाईल डेटा बंद करा. नाहीतर फोन स्वतःच्या डेटावर चालेल आणि आपण समजू की वायफाय ठीक आहे.

पाचवा प्रश्न: नाव ओळखले जाते का?

८.८.८.८ उत्तर देतो, पण संकेतस्थळाचे नाव दिले की उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा बिघडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. फोनमध्ये माणसाचे नाव दाबले की नंबर लागतो, तसेच हे काम. जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिले की बहुधा मार्ग मोकळा होतो.

आणि नाव ओळखले जाऊनही 'जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना आली, तर घड्याळ पाहा. पाय-५ च्या आधीच्या यंत्रांत घड्याळ चालू ठेवणारी सोय नाही, ती नेटवरून वेळ घेतात. वेळ चुकीची राहिली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख-वेळ दुरुस्त केली की ती उघडू लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, एक इशारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून रास्पबेरी पायने जोडणीचे काम 'नेटवर्क मॅनेजर'कडे सोपविले. त्यापूर्वीच्या व्हिडिओंत 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' नावाची फाईल लिहायला सांगतात. नव्या आवृत्तीवर ती करामत चालत नाही, आणि मुलाला वाटते की आपलेच चुकले. म्हणून कोणाचीही कृती उतरवण्यापूर्वी ती कोणत्या साली सांगितली होती ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काय बदलले, काय झाले, हे वहीत लिहावे.

पालक बंधु-भगिनींनो, आता आपल्याशी दोन शब्द. यंत्र अडले की आपण कोणा माहितगाराला बोलावतो. तो आला की पहिला सल्ला देतो, "फॉरमॅट मारू." आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी असेच झाले. दोष चार्जरचा होता. फॉरमॅट मारला, कार्डावरचा तिचा तीन महिन्यांचा विज्ञान प्रकल्प गेला, आणि दुसऱ्या दिवशी नेट पुन्हा बंद. त्याहून मोठे नुकसान घरात झाले. "तुला जमत नाही तर कशाला हात लावतेस?" असे तिला ऐकावे लागले. वास्तविक त्या पोरीने पडद्यावरचे विजेचे चिन्ह पाहिले होते व सांगितलेही होते. तिचे कोणी ऐकून घेतले नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. 'नेट चालत नाही' असे मूल म्हणाले, तर त्याला रागवू नका आणि लगेच कोणाला बोलावूही नका. त्याला विचारा, "कुठपर्यंत चालते?" आपणास स्वतःला यातले काही येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. मुलगा असो वा मुलगी, अर्धा तास द्या, शेजारी बसा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत शेवटच्या दिवशी संपत असते, आणि त्या दिवशी माहितगार मिळतोच असे नाही. पाच प्रश्नांची वही मात्र घरातच असते. ज्या मुलीने एकदा स्वतः दोष शोधला, ती पुढच्या वेळी घाबरणार नाही, आणि शेजारच्या घरीही मदतीला जाईल. आपल्या वस्तीत असे एकेक मूल तयार झाले, तर कपाटातली यंत्रे इन्शाअल्लाह पुन्हा टेबलावर येतील.