गादे, भुलगे आणि आपल्या वर्गातली बोट



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण ते मी वीस वर्षं ऑफिसात बोलतेच आहे. आज आपल्या समुद्राबद्दल बोलते.

देवमासे बघायला लोक तिकीट काढून श्रीलंकेतल्या मिरिस्साला जातात. मी गेल्या डिसेंबरात पाचूबंदरहून गेले, आपल्याच वर्गातल्या एकाच्या बोटीवर. तो कोण, हे मागच्या बाकावरच्यांनी ओळखलंच असेल. स्मरणिकेत नाव छापायचं नाही अशी त्याची अट आहे. त्याचे वडील अजून तांडेल आहेत.

उजाडलं तेव्हा किल्ला मागे पडला होता. तासभर नुसतं गढूळ पाणी. मग काकांनी हात केला, "गादा." म्हणजे डॉल्फिन. करड्या पाठी, पाठीवर लांबट कुबड आणि त्यावर छोटासा पर. चार होते, त्यातलं एक पिल्लू आईला चिकटून. टीव्हीतल्यासारख्या उड्या कोणी मारल्या नाहीत. वर यायचे, फुस्स करून श्वास सोडायचे आणि खाली. या जातीला किनाऱ्याजवळचं उथळ पाणीच लागतं, म्हणजे ते आपले शेजारीच. गढूळ पाण्यात दिसत नाही म्हणून ते आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीवरून मासा शोधतात. माझ्यातल्या इंजिनिअरला त्याचा हेवा वाटला.

परतताना भुलगा दिसला. याच्या पाठीवर पर नाही, तोंडाला चोच नाही. काळसर पाठ दोन सेकंद वर आली आणि गेली. मी मोबाइल काढेपर्यंत काका हसायला लागले होते.

देवमासा दिसला का? नाही. पण तो आपल्याकडे नाही असं समजू नका. सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या मर्देसच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला होता, तुमच्यापैकी काही जण बघायला गेलेही असाल. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा जिवंत लागला. लोकांनी धडपड केली, पण तो वाचला नाही. आणि 2017 मध्ये ओमानजवळ कुबड्या देवमाशाच्या एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला, तर ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली. तिचं नाव लुबान, म्हणजे धूप. ओमानजवळ ही जात शंभरही उरलेली नाही असा अंदाज आहे.

बाईंनी सातवीत शिकवलं होतं, हे मासे नव्हेत, सस्तन प्राणी. फुप्फुसांनी श्वास घेतात. त्याचा अर्थ मला त्या बोटीवर कळला. जाळ्यात अडकलेला मासा पाण्यात जिवंत राहतो, गादा गुदमरतो. त्याला सोडवायचं तर वेळ नसतो, जाळं कापावं लागतं. आणि जाळं म्हणजे उधारीवर घेतलेलं सूत, घरच्यांनी रात्र रात्र जागून शिवलेलं.

काकांनी ते कापलंय, दोनदा. डिसेंबर 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे: संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. काकांनी अर्ज केला नाही. का, तर सोडतानाचा फोटो लागतो. "एक हात दोरीला, दुसऱ्यात सुरी, फोटो काय तोंडाने काढू?" असं ते म्हणाले. मला त्यावर उत्तर नव्हतं.

पण बोटीवर चार खलाशी असतात आणि त्यातल्या एकाच्या खिशात मोबाइल असतोच. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटेल अशी सोय मी त्या पोराच्या फोनवर करून दिली, वर प्लास्टिकची जलरोधक पिशवी. काकांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हे बरं आहे."

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बोटी आहेत, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा, कुठल्याही, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. पिशव्या आणल्या आहेत. फोनमागे दहा मिनिटं लागतात.