पुण्याचें नाक, लंडनचा ग्रंथ

इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या कैदेंत सांपडला आणि नाक व एक हात गमावून बसला. पुढें पुण्याजवळील वीटकरी जातीच्या एका कारागिरानें मेणाच्या मापानें त्याच्या कपाळाची कातडी कापली, भुवयांमधील दुवा न तोडतां ती खालीं वळविली व नवें नाक घडविलें. त्या दुव्यांतून रक्त वाहत राहिलें, म्हणूनच कातडी जगली.

१७९४ सालीं ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापली गेली. शस्त्रवैद्य कार्प्यू यानें १८१४ सालीं तीच रीत अवलंबिली व १८१६ सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

कार्प्यूचें नांव इतिहासांत राहिलें. कारागिराचें कोणीं टिपलें नाहीं. म्हणून शेजारच्या वैदूची, सुइणीची, गवंड्याची विद्या त्यांच्या नांवासह आजच लिहून ठेवावी.