अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि बिऱ्हाडाची निवड



बारावीचा निकाल, सीईटीचे गुण आणि प्रवेशफेऱ्यांची यातायात आटोपून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दप्तरी मुलाचे नाव एकदाचे दाखल झाले, म्हणजे घरोघरी जो प्रश्न सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने सोडविला जातो, तो मुलाने राहावे कोठे हा होय. शाखा कोणती घ्यावी यावर महिनोन्‌महिने खल करणारे पालक खोलीची निवड मात्र एका दुपारी, भर पावसात, छत्री सावरीत उरकून टाकतात. आणि तीही बहुधा भाड्याचा आकडा व भिंतींचा रंग पाहून.

या विषयाचे महत्त्व निदान कोल्हापूरकरांस तरी कोणी पटवून देण्याचे कारण नसावे. खेड्यातल्या मुलाची फी माफ केली, तरी शहरात त्याला निवारा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर शाळेचे दार उघडे असून नसल्यासारखेच, हे राजर्षी शाहू छत्रपतींनी फार लवकर ओळखले होते. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा आरंभीचा प्रयत्न प्रत्यक्षात वरिष्ठ वर्गापुरताच उरला, असे दिसून आल्यावर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहे या नगरीत उभी राहिली. ती वेगवेगळी झाली ती काळाची निकड म्हणून. आणि मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेल्यापायी ज्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, त्या भाऊराव पाटलांनीच पुढे १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीस बसविणारे वसतिगृह काढले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पहिले वर्ष महाविद्यालयाच्याच वसतिगृहात, अपरिचितांच्या संगतीत काढावे. गावाकडचे चार मित्र मिळून फ्लॅट घेण्याचा बेत मोहक असतो, स्वस्तही पडतो; परंतु त्या चौघांपैकी एक वास्तुकलेचा, एक फार्मसीचा आणि एक वाणिज्याचा असला, म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची रात्र एकाकी होते. ड्रॉइंगची शीट, वर्कशॉपचा जॉब, जर्नल आणि सबमिशनची तारीख यांचा ताण ज्याने भोगला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. गणिताच्या ज्या प्रश्नापुढे एकट्याने मध्यरात्रीपर्यंत हतबुद्ध होऊन बसावे, त्याची उकल शेजारच्या कॉटवरचा सहाध्यायी कित्येकदा बोलता बोलता करून देतो. असा सहाध्यायी सोलापूरचा असो वा सावंतवाडीचा, त्याची जात विचारण्याचा प्रसंगच येऊ नये. दुसऱ्या वर्षी फ्लॅट अवश्य घ्यावा. तोवर कोणाबरोबर राहणे साधते, हेही कळलेले असते.

रॅगिंगच्या भीतीने पुष्कळ पालक, विशेषतः मुलींचे, वसतिगृहाचे नाव काढताच बिचकतात. ही भीती निराधार नाही. परंतु महाराष्ट्रात १९९९ पासून यासंबंधी स्वतंत्र कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत नवागतांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे असे म्हटले आहे. तेव्हा संकोच न बाळगता रेक्टरांना विचारावे, की पहिल्या वर्षाचा मजला वेगळा आहे काय, आणि रात्री तेथे जबाबदार माणूस कोण असतो. उत्तर गुळमुळीत आले, तर तेच उत्तर समजावे.

खोली पाहताना फरशीपेक्षा टेबल पाहावे. त्यावर ड्रॉइंग बोर्ड पुरता मावतो काय, वर दिवा आहे काय, इतके पाहिले तरी पुष्कळ झाले. मेसची परीक्षा मात्र कसोशीने करावी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापुरी लौकिकावर विसंबून राहू नये, आणि रविवारच्या मेजवानीवर तर मुळीच नव्हे. मंगळवार-बुधवारी रात्री मुलांच्या पंगतीस बसून जेवावे, आणि प्रात्यक्षिकावरून उशिरा आलेल्याचे ताट झाकून ठेवतात की नाही, हे आचाऱ्यासच विचारावे.

वसतिगृहात जागा न मिळाल्यास खोली पायी जाण्याच्या अंतरावर शोधावी. महाविद्यालय गोकुळ शिरगावला आणि बिऱ्हाड कसबा बावड्यात, असा संसार मांडणाऱ्याचा निम्मा उत्साह केएमटी बसच्या थांब्यावरच खर्ची पडतो. शिवाय आपल्याकडे खोल्या घेतल्या जातात त्या ऐन पावसाळ्यात. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा सखल भागांत घराघरांत पाणी शिरले. म्हणून त्या साली पाणी कोठवर आले होते हे घरमालकास नव्हे, समोरच्या दुकानदारास विचारावे. भाड्याचा करारनामा लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, असे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम सांगते. अनामत रकमेची पावती तर मागून घ्यावीच घ्यावी. ऐपत बेताची असल्यास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार या शासकीय योजनांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. दाखले गोळा करण्यात मुदत निघून गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

वसतिगृह भरले आहे असे सांगण्यात आले, तरी लगेच वर्षाचा करार करून मोकळे होऊ नये. शेवटच्या प्रवेशफेरीत काही मुले महाविद्यालय बदलतात आणि त्यांच्या कॉट रिकाम्या होतात. तोवर महिन्याच्या बोलीवर कॉट बेसिसची जागा घ्यावी, वसतिगृहासाठी लेखी अर्ज देऊन आपल्याजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा, आणि ती फेरी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रत हाती घेऊन रेक्टरांस समक्ष भेटावे.