हौशी बिनतारी स्पर्धांची परिभाषा



परिभाषा शिकविण्याची एक रूढ रीत आहे. फळ्याच्या डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस अर्थ, मध्ये उभी रेघ आणि दुसऱ्या दिवशी पाठांतर. या रीतीने शब्द येतो खरा, परंतु तो कोणत्या गरजेतून जन्मास आला हे विद्यार्थ्यास उमगत नाही व महिन्याभरात शब्दही जातो. आधी अडचण मांडावी व मग शब्द द्यावा, म्हणजे तो आपणहून जागेवर बसतो. हौशी बिनतारी प्रसारकांच्या स्पर्धांची परिभाषा हे याचे चांगले उदाहरण होय. ‘सीक्यू’, ‘पाइल-अप’, ‘डूप’, ‘फाइव्ह नाइन’ हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्यास ती गुप्त भाषाच वाटते. वास्तविक तिच्यात गुप्त असे काहीच नाही.

शासनाची परीक्षा देऊन व परवाना मिळवून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वतःच्या यंत्रावरून इतर प्रसारकांशी संपर्क साधणारा तो हौशी प्रसारक. त्याला ‘हॅम’ असेही म्हणतात. परवान्याबरोबर त्याला अक्षरे व अंक मिळून झालेले एक संकेतनाम मिळते. तेच संकेतनाम जगात दुसऱ्या कोणाचे नसते. भारतीय संकेतनामांचा आरंभ बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधणे हे स्पर्धेचे स्थूल स्वरूप. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स’ ही यांतील एक अतिशय प्रसिद्ध स्पर्धा. तोंडी बोलण्याची स्पर्धा ऑक्टोबरच्या आणि मोर्स लिपीची नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. ती ४८ तास चालते. भारतीय वेळेप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. ‘डीएक्स’ म्हणजे दूर अंतर.

आता एकाच संपर्काचा मागोवा घेऊ. प्रसारकास बोलण्यासाठी रिकामी जागा हवी. ती रिकामी आहे हे कसे कळावे? जागा निवांत वाटली तरी तेथे दुसरे कोणी बोलत असेल व त्यातील एकाचाच आवाज येथवर पोहोचत नसेल. म्हणून मोर्समध्ये आधी विचारावयाचे, ‘क्यूआरएल?’ म्हणजे, ही जागा वापरात आहे काय? क्यू या अक्षराने सुरू होणारे असे संक्षेप मूळचे जहाजे व किनाऱ्यावरील केंद्रे यांच्यासाठी तयार झाले आणि १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांस मान्यता मिळाली. भिन्न भाषांच्या खलाशांना एकमेकांचे कळावे, ही त्यामागील गरज होती. हौशी प्रसारकांनी ते उचलले व आपल्या उपयोगास लावले. संपर्क झाला की तो ‘क्यूएसओ’, पोच दिली की ‘क्यूएसएल’, इतर केंद्रांचा अडथळा तो ‘क्यूआरएम’ आणि आकाशातील विजांचा कडकडाट तो ‘क्यूआरएन’. वळवाच्या दिवसांत रेडिओ ऐकणाऱ्या कोणासही हा शेवटचा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

जागा मोकळी मिळाली की प्रसारक ‘सीक्यू’ अशी हाक देतो. ती कोणा एकास नसून ऐकणाऱ्या सर्वांस असते. एका जागी ठाण मांडून हाका देत राहणे याला ‘रन’ म्हणतात. पट्टाभर फिरून इतरांच्या हाकांना उत्तर देणे याला ‘सर्च अँड पाउन्स’, अर्थात शोधा आणि झडप घाला. आठवड्याच्या बाजारात पाल ठोकून बसलेला व्यापारी आणि दारोदार फिरणारा कासार यांच्यातील भेद तोच हा. दुबळ्या यंत्राच्या प्रसारकाला कासाराचाच मार्ग बरा.

दुर्मीळ देशातून हाक आली तर शेकडो केंद्रे एकदम ओरडू लागतात. हा ‘पाइल-अप’. शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यावे, तसाच हा प्रसंग. कोणाचेच धड ऐकू येत नाही. कुशल प्रसारक अशा वेळी कानी पडलेली दोनच अक्षरे उच्चारतो व तेवढ्या केंद्राला बोलावतो. ज्यांच्या संकेतनामात ती अक्षरे नाहीत त्यांनी गप्प राहावयाचे असते. सर्व जण राहतातच असे नाही.

इंग्रजीतील बी, डी, पी, टी ही अक्षरे गोंगाटात सारखीच ऐकू येतात. म्हणून अक्षराऐवजी शब्द उच्चारतात. १९५६ साली विमानवाहतुकीसाठी लागू झालेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका येथेही चालते. त्यामुळे व्हीयू हे ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ होते. ‘ग गणपतीचा’ असे म्हणणाऱ्या शिक्षकास ही युक्ती नवी नाही.

संकेतनामे कळल्यावर ठराविक माहितीची देवघेव होते. तिला ‘एक्स्चेंज’ म्हणतात. वरील स्पर्धेत ती दोन भागांची असते. दुसऱ्याचा आवाज कसा येतो याची प्रतवारी, आणि आपल्या विभागाचा क्रमांक. या स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग कल्पिले आहेत. भारत २२ व्या विभागात, जपान २५ व्या, जर्मनी १४ व्या. भारतीय प्रसारक म्हणतो, ‘फाइव्ह नाइन, टू टू’. जपानी म्हणतो, ‘फाइव्ह नाइन, टू फाइव्ह’. प्रतवारीतील पहिला अंक सुबोधतेचा, तो १ ते ५. दुसरा जोराचा, तो १ ते ९. मोर्समध्ये सुराच्या शुद्धतेचा तिसरा अंक जोडतात. ही पद्धती अमेरिकेत १९३४ साली आर्थर ब्राटन यांनी मांडली. स्पर्धेत मात्र आवाज कितीही क्षीण असो, प्रत्येकास ५९ किंवा ५९९ च दिले जातात. तीन वेळा पुनरुक्ती करून घेतल्यावर ‘तुमचा आवाज स्वच्छ येतो’ असे सांगणे विनोदी तर खरेच. संबंध परिभाषेत एवढा एकच शब्द पोकळ झाला आहे. मोर्समध्ये तर ९ च्या जागी एन हे अक्षर वाजवितात. ९ ला चार रेघा व एक टिंब लागते, एनला एक रेघ व एक टिंब पुरते.

अमेरिकेत १९३० पासून चालत आलेल्या ‘स्वीपस्टेक्स’ स्पर्धेतील शब्दांचा इतिहास याहून रंजक आहे. तेथे अनुक्रमांक, ‘प्रिसिडन्स’, संकेतनाम, ‘चेक’ व विभाग असे पाच घटक कळवावे लागतात. हा साचा बिनतारी तारेच्या मथळ्यावरून घेतलेला आहे. तारेत प्रिसिडन्स म्हणजे संदेशाची निकड, आणि चेक म्हणजे शब्दसंख्या. एखादा शब्द गळला तर ती मोजून कळे. स्पर्धेत प्रिसिडन्स हे गटाचे अक्षर झाले, व चेक म्हणजे प्रथम परवाना मिळालेल्या वर्षाचे शेवटचे दोन अंक. १९५८ साली परवाना मिळालेला प्रसारक ‘५८’ असे सांगतो. गटाच्या अक्षरांत एस हे अक्षर शाळांच्या केंद्रांसाठी राखून ठेवले आहे.

पुन्हा पहिल्या स्पर्धेकडे वळून गुणांचा हिशेब पाहू. भारतीय केंद्रास दुसऱ्या खंडातील संपर्काचे ३ गुण मिळतात, आशियातीलच दुसऱ्या देशाचा १, स्वदेशाचा शून्य. प्रत्येक पट्ट्यावर प्रथमच गाठलेला प्रत्येक देश व प्रत्येक विभाग हा एकेक ‘गुणक’ होय. संपर्कगुणांच्या बेरजेस गुणकांच्या बेरजेने गुणावयाचे. एकाने इतर खंडांतील १०० केंद्रे गाठली, गुण ३००. देश ३० व विभाग १५ मिळून गुणक ४५. त्याची गुणसंख्या १३,५००. दुसऱ्याने तशीच १२० केंद्रे गाठली, गुण ३६०. परंतु गुणक २५ च. त्याची गुणसंख्या ९,०००. संपर्क अधिक असूनही तो मागे पडला. स्वदेशाच्या संपर्कास शून्य गुण असले तरी गुणकासाठी एक भारतीय केंद्र गाठणे का फायद्याचे, हेही विद्यार्थी यावरून सांगू शकतील.

खरी कसोटी स्पर्धा संपल्यावर लागते. प्रत्येकाची नोंदवही, म्हणजे ‘लॉग’, आयोजकांकडे जाते व संगणक त्या एकमेकींशी ताडून पाहतो. एकाने लिहिलेला संपर्क दुसऱ्याच्या वहीत नसला तर तो ‘नॉट इन लॉग’. एक अक्षर जरी चुकले तरी ते संकेतनाम ‘बस्टेड’. संपर्क बाद होतो व वर दंडाचे गुण वजा होतात. त्याच पट्ट्यावर त्याच केंद्राशी दुसऱ्यांदा साधलेला संपर्क तो ‘डूप’. त्यास गुण नाहीत, पण दंडही नाही. वरील पहिल्या स्पर्धकाचा एक संपर्क बाद झाला आणि तो देश त्या पट्ट्यावर त्याला अन्यत्र मिळाला नसेल, तर ३०० गुणिले ४५ च्या जागी २९७ गुणिले ४४ येतात. एका अक्षराच्या चुकीने ४३२ गुण गेले, दंड वेगळा. म्हणून जाणता प्रसारक अंदाजाने अक्षर भरीत नाही. तो पुन्हा विचारतो. पुन्हा विचारण्यात तेथे कमीपणा मानीत नाहीत.

ही सवय खेळापुरती राहत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हौशी प्रसारकांची एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथे गेली होती. अंदमानचे केंद्र दुर्मीळ, त्यामुळे जगभरातून पाइल-अप उसळत होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला व त्सुनामी आली. दळणवळण कोलमडले, आणि त्याच यंत्रांवरून त्याच माणसांनी सुटकेचे व खुशालीचे निरोप पाठविण्यास आरंभ केला. अशा निरोपात गावाचे किंवा माणसाचे नाव चुकले तर त्याचा दंड गुणांत मोजता येत नाही.

वर्गात हे करून पाहण्यास यंत्राची आवश्यकता नाही. प्रत्येक मुलास चार अक्षरांचे निरर्थक संकेतनाम व एक विभाग-क्रमांक चिठ्ठीवर द्यावा. मुलांना पाठमोरे बसवावे, खिडकीबाहेरचा गलका तसाच राहू द्यावा, आणि ‘ग गणपतीचा’ या रीतीने दहा मिनिटे देवघेव करू द्यावी. नंतर दोघादोघांच्या वह्या समोरासमोर ठेवून ताडाव्यात. ‘बस्टेड’ व ‘डूप’ हे शब्द तोपर्यंत सांगू नयेत. वह्या जुळेनाशा झाल्या की मुलेच त्या गोष्टींना नाव मागतील.