पट्टीवरचा आकडा



विजेच्या प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा बुडाशी एक लहानशी पट्टी असते. उपकरण घरी येते त्या दिवशी हमीपत्र जपून ठेवले जाते, किंमत शेजारी सांगितली जाते. पट्टी मात्र कोणी वाचत नाही. वास्तविक उपकरणाचा सारा स्वभाव तिच्यावर लिहिलेला असतो : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि पुढे वॅटचा आकडा. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, हे सूत्र ज्यांनी शाळेत पाठ केले, त्यावर गुणही मिळवले, त्यांच्याच घरात हिवाळ्यात पाणी तापवण्याचा रॉड टेबलदिव्याच्या सॉकेटात खोचलेला आढळतो. सूत्र वहीत राहिले आणि रॉड बादलीत गेला.

वॅट हे ऊर्जेचे माप नव्हे. ऊर्जा कोणत्या वेगाने खर्च होते त्याचे ते माप आहे. वाफेच्या इंजिनात मोलाच्या सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅटचे नाव या एककाला द्यावे, असे विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले. स्वतः वॅटने इंजिनाची तुलना घोड्यांशी केली होती. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाण्याच्या पंपावर ती आजही लिहिलेली दिसते. वीजबिलातले युनिट निराळे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात जे युनिट संपवतो, त्यावर नऊ वॅटचा एलईडी दिवा शंभराहून अधिक तास जळतो. घरातले आजोबा खोल्याखोल्यांतून दिवे मालवत हिंडतात, ती सवय साठ आणि शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात घराला खरोखर तारणारी होती. आज त्या सवयीने वाचते ते थोडेच, आणि न्हाणीघराचे बटण सकाळभर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गीझरविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे. तीन हजार वॅटचा गीझर दोन हजार वॅटच्या गीझरपेक्षा दीडपट बिल आणतो, असे पुष्कळांना वाटते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण अर्धे युनिट लागते. मग ते कोणत्याही गीझरने न्यावे. एक ते काम सोळा मिनिटांत करील, दुसरा साडेदहा मिनिटांत. बिल ठरते ते किती बादल्या पाणी तापवले त्यावर. वॅटच्या मोठ्या आकड्याची झळ बिलाला नव्हे, तर भिंतीतल्या तारेला लागते.

आणि खरी काळजी तिथेच आहे. घरातल्या लहान सॉकेटाची क्षमता ६ अँपिअर असते. २३० व्होल्टवर ती १३८० वॅट होते. मोठ्या, जाड पिनांच्या सॉकेटाची १६ अँपिअर, म्हणजे ३६८० वॅट. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. लहान सॉकेटाची मर्यादा त्याने किंचितच ओलांडलेली असते, म्हणून त्या दिवशी काहीही घडत नाही. हीच या प्रकरणातली फसवणूक आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : धारा दुप्पट, तर उष्णता चौपट. सॉकेटातली पकड सैल असेल तर ती उष्णता नेमकी त्या एका ठिकाणी साचते. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग तपकिरी होते, मग जळका वास येतो. तोवर महिने गेलेले असतात. जाड पिना लहान सॉकेटात बसवून देणारा जोड बाजारात सर्रास मिळतो. त्या दोन पिनांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, याचा त्यात कोणालाच विचार नसतो.

एक्स्टेन्शन बोर्डाचेही तेच. चार सॉकेटे म्हणजे चौपट क्षमता नव्हे. सगळ्यांचा भार एकाच तारेवर पडतो. वसतिगृहात राहणारी मुले एका बोर्डावर हजार वॅटची इस्त्री आणि दीड हजार वॅटची किटली लावतात, तेव्हा जवळजवळ अकरा अँपिअर धारा वाहते. त्या ओळीवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो स्वस्थ बसून राहील, कारण त्याच्या दृष्टीने काहीच वावगे घडलेले नसते. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी मोठा बसवून देणारा कारागीर भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळली जाई, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. शिवाय एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी लागतो. तो असो वा नसो, रॉडच्या बादलीत हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग बाहेर काढायचा, हे घरातल्या मुलांना तोंडपाठ असावे.

पट्टीवरचे काही आकडे मात्र नीट समजून घ्यावे लागतात. दीड टनाच्या वातानुकूलकातला टन हे वजनही नव्हे आणि विजेचा खर्चही नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता शोषली जाते, त्यावरून ते माप आले. असा वातानुकूलक खोलीतली सुमारे पाच हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि वीज घेतो साधारण दीड हजार वॅट. मायक्रोवेव्हवरचे ८०० वॅट अन्नाला मिळणारे असतात. भिंतीतून तो बाराशेच्या आसपास घेतो. मिक्सरवर ३० मिनिटे असे लिहिलेले असेल तर तो अखंड चालवण्यासाठी केलेला नाही, असे समजावे. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत हे विसरले जाते. टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर एकेकाळी पी.एम.पी.ओ. म्हणून हजारो वॅट छापत. मागची पट्टी पाहिली की विजेची भूक जेमतेम पन्नास वॅटची निघे. तो आकडा केवळ गिऱ्हाइकासाठी होता.

शिवाय पट्टीचा शब्द २३० व्होल्टपुरताच खरा. संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर घसरला की दोन हजार वॅटचा हीटर दीड हजारांवर येतो. हीटर बिघडल्याची तक्रार पुष्कळदा अशा वेळी होते.

पंखा या सगळ्यांत गरीब मानला जातो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. उन्हाळ्यात रोज पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटांचा फरक पडतो.

साठ वर्षांपूर्वी या शाळेत आलेल्या पहिल्या मुलांच्या घरी वीज असली, तर दोन दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ असे. अशा काही घरांच्या भिंतींतल्या तारा त्यानंतर कधीच बदललेल्या नाहीत, आणि त्यांवर आज गीझर, इस्त्री, वातानुकूलक सारे चालते. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. एका रविवारी मुलांना वही-पेन्सिल देऊन घरातल्या पट्ट्या वाचायला लावाव्यात, एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांची बेरीज करायला सांगावी आणि ती बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. बेरीज जास्त आली तर वीजवितरण कंपनीकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. पण त्याआधी तारा तपासून घ्याव्यात. मोठ्या सॉकेटासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि वातानुकूलकासाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र ओळ असावी. तिसऱ्या पिनेची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते की सॉकेटामागेच संपते, हेही त्याच वेळी कारागिराकडून पाहून घ्यावे.