शिंकांचा उपाय आणि झोपेची किंमत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली. हृदयविकार, मधुमेह असे भारदस्त विषय सोडून आम्ही शिंकेसारखा किरकोळ विषय का घेतला, असे कित्येकांच्या मनात येईल. विकार किरकोळ खरा. तो सहसा कोणाचे प्राण घेत नाही. तथापि ज्याला तो जडतो त्याच्या उमेदीचे दिवस तो खातो, आणि त्यावर आपण दुकानातून जी गोळी आणतो ती पुष्कळदा उरलेले दिवसही खाते. नाक मोकळे होते, पण डोके जड होते. हा सौदा अपरिहार्य आहे अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. ती समजूत आता खरी राहिलेली नाही, एवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

प्रथम विकाराची ओळख. सकाळी उठताच लागोपाठ शिंका, नाकातून पाण्याची धार, टाळूला व डोळ्यांना खाज, आणि मग चोंदलेले नाक. ताप नाही, अंगदुखी नाही. पण आठवडेच्या आठवडे सरले तरी पडसे हटत नाही. इंग्रजीत यास हे-फीव्हर, म्हणजे गवताचा ताप, म्हणतात. १८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन करून या विकाराकडे लक्ष वेधले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ साली दाखवून दिले की, या दुखण्याचे मूळ गवताच्या फुलोऱ्यातील परागकणांत आहे. तात्पर्य, नावात गवत आणि ताप दोन्ही असले तरी वाळल्या गवताचा दोष नाही आणि ताप तर मुळीच येत नाही.

आपल्याकडे पावसाळा ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, माळरानावरील गवत फुलोऱ्यास येते आणि अनेकांचे हाल सुरू होतात. त्यात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेल्या आणि नंतर देशभर पसरलेल्या गाजरगवताची भर पडली आहे. मुंबई व कोकणच्या दमट हवेत तर गाद्या-उशांतील डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे आणि भिंतींवरील बुरशी हेच मोठे अपराधी. म्हणून तेथील पुष्कळांचे दुखणे बारमाही असते. कारण निरनिराळे, पण नाकातील घडामोड एकच.

ती घडामोड अशी. निरुपद्रवी परागकणाला आपले शरीर शत्रू समजते आणि नाकाच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. शिंका, खाज, पाणी ही त्याचीच करणी. या द्रव्याला अडविणारी औषधे शोधण्याचे काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांनी १९३७ च्या सुमारास सुरू केले. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कार्याचाही मोठा वाटा होता. परंतु निसर्गाने एक मेख मारून ठेवली आहे. जे हिस्टामिन नाकात उपद्रव करते, तेच मेंदूत आपणास जागे व सावध ठेवते. जुनी औषधे रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तेथील हिस्टामिनलाही अडवितात. गोळीने झोप येते ती यामुळे. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही या जुन्या घराण्याची नावे. सर्दीच्या पुष्कळशा मिश्र गोळ्यांत व खोकल्याच्या औषधांत यांपैकी एखादे दडलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

‘रात्री घेतली म्हणजे झाले’ असे काही जण म्हणतात. परंतु या गोळ्यांचा अंमल पुष्कळदा दुसऱ्या दिवशीही पुरता ओसरत नाही. त्याहून घातक गोष्ट अशी की, झोप आल्यासारखे वाटत नसतानाही बुद्धीची धार बोथट झालेली असू शकते. अमेरिकेतील आयोवा येथे, कृत्रिम रीतीने वाहन चालविण्याच्या यंत्रावर, परागाचा त्रास असणाऱ्या चाळीस चालकांची परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन चालविणे मद्य घेतलेल्यांपेक्षाही वाईट ठरले, आणि आपणास किती झोप येते आहे यावरून आपण किती चुकणार याचा अदमास त्यांना नीटसा करता आला नाही. फेक्सोफेनाडिन हे नवे औषध घेतलेल्यांनी मात्र नुसती औषधहीन गोळी घेतलेल्यांइतकेच चांगले वाहन चालविले.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचे आहे. ब्रिटनमध्ये शालान्त परीक्षा ऐन परागाच्या दिवसांत येते. तेथील सुमारे १,८०० विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सराव परीक्षेच्या मानाने मुख्य परीक्षेत श्रेणी घसरण्याचा संभव या विकाराने पीडित मुलांत अधिक दिसला, आणि झोप आणणारी गोळी घेणाऱ्यांत तो आणखी अधिक. शिष्यवृत्ती देताना आपण गुणपत्रिका पाहतो. त्या गुणपत्रिकेमागे रात्रभर तोंडाने श्वास घेणारा आणि सकाळी गोळीच्या गुंगीत वर्गात बसणारा एखादा मुलगा असेल, हे कोण पाहतो? घरचे म्हणतात आळशी, गुरुजी म्हणतात लक्ष नाही. आणि मुलालाही हळूहळू तेच खरे वाटू लागते.

वडीलधाऱ्यांनाही या जुन्या गोळ्या मानवत नाहीत. उतारवयात त्यांनी भ्रम होणे, तोल जाऊन पडणे, लघवी अडणे असे प्रकार घडतात. काचबिंदूच्या काही रोग्यांना त्या अपायकारक ठरतात.

आता उपाय. मेंदूत फारशा न शिरणाऱ्या नव्या गोळ्या गेल्या चाळीस-एक वर्षांत आल्या. त्यांचा आरंभ मात्र निर्वेध झाला नाही. टर्फेनाडिन हे त्यांतील पहिले गाजलेले औषध काही अन्य औषधांबरोबर घेतल्यास हृदयाची लय बिघडवी. म्हणून १९९८ साली अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले. यकृतात त्याचेच रूपांतर होऊन जे निर्धोक द्रव्य बनते, तेच आजचे फेक्सोफेनाडिन. झोप न आणण्याच्या बाबतीत ते अग्रभागी आहे. लोराटाडिन व बिलास्टिन हीही चांगली. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन आपल्याकडे सर्रास मिळतात. ती जुन्यांपेक्षा पुष्कळ बरी, तथापि काही जणांना त्यांनीही पेंग येते. अशांनी ‘मला गोळी सोसत नाही’ म्हणून हात टेकू नयेत. डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यावे. संत्र्याच्या वा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास त्याचा गुण कमी होतो. नवी गोळीही प्रथम सुटीच्या दिवशी घेऊन पाहावी, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या दिवशी नव्हे.

ज्यांचे मुख्य दुखणे चोंदलेले नाक हे आहे, त्यांना कोणतीही गोळी पुरी पडत नाही. त्यांच्यासाठी नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा हा सर्वांत गुणकारी उपाय आहे. स्टेरॉइड या शब्दाने भिण्याचे कारण नाही. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांची मात्रा अल्प असते आणि रक्तात जाणारा अंश नगण्य. त्याने झोप येत नाही. मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. एक, धीर धरावा. पूर्ण गुण यावयास एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हंगामापूर्वीच आरंभ करावा. दुसरी, रीत नीट शिकून घ्यावी. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीस डावा हात व डाव्या नाकपुडीस उजवा, फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न वळविता बाहेरच्या बाजूस, आणि जोराने ओढू नये. फवारा निरुपयोगी म्हणून टाकून देणाऱ्यांपैकी कित्येकांची ही रीतच चुकलेली असते.

नाक तत्काळ उघडणारे थेंब मिळतात, त्यांपासून मात्र सावध राहावे. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते आणि थेंबांचे व्यसन जडते.

घरगुती उपायांत जलनेती आपल्या परिचयाची आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने परागकण व धूळ निघून जाते. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच असावे. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावेत, गवताच्या दिवसांत बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदलावेत. एवढ्यानेही भागत नसेल, तर ॲलर्जीच्या मूळ कारणाची तपासणी करून त्याच द्रव्याच्या वाढत्या मात्रा देण्याची पद्धत आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी ती १९११ साली मांडली. तीस साधारण तीन वर्षे लागतात. पण पुढे औषधांची गरज पुष्कळ कमी होऊ शकते.

धाप लागणे, छातीत घरघर, एकाच नाकपुडीतून पू किंवा रक्त येणे, अशी लक्षणे असल्यास घरी प्रयोग न करता डॉक्टर गाठावा. गर्भवती भगिनींनी आणि लहान मुलांच्या आईवडिलांनी विचारल्यावाचून काहीही घेऊ-देऊ नये.

शेवटी एक नम्र विनंती. घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडा आणि सर्दीच्या गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचा. तेथे जुन्या घराण्यातील नाव दिसले, आणि घरात परीक्षेचा विद्यार्थी, वाहन वा यंत्र चालविणारा कर्ता पुरुष किंवा काठी टेकणारी आजी असेल, तर ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढेच विचारा: ‘यापेक्षा झोप न आणणारे काही आहे का?’ उत्तर बहुधा ‘आहे’ असेच मिळेल. अभ्यासाच्या वयातील मुलांना सावध बुद्धीने बसता यावे, यासाठी एवढे विचारण्याचे कष्ट आपण अवश्य घ्यावेत.