वाडीची शाळा वाडीनेंच राखावी
(एका वाडीवरील पालकसभेंत झालेलें भाषण)



आपल्या शाळेचा पट आज बावीस. तीन मुलें काढलीं कीं एकोणीस. विसांहून कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेंत मिळवाव्या, असा विचार २०२३ सालीं सरकारदरबारीं निघाला होता. तेव्हां तीन मुलांचा हिशेब लहान समजूं नका.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं काय सांगितलें? सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते, आणि विद्येचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. म्हणून बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा; मास्तर असा द्या, कीं ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरतां येईल. पुढें १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मूल न पाठविणाऱ्यास महिना एक रुपया दंड ठेवला.

आज दंडाचें भय नाहीं, उलट कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षण मोफत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आणि शाळेच्या समितींत चारांत तीन सभासद पालक, शिवाय निम्म्या स्त्रिया. पण ही समिति कागदावरच राहिली, तर दोष कोणाचा? सभेची वेळ आली कीं आपण म्हणतों, "मास्तर बघतील!"

शाळा ओढ्यापलीकडे गेली तर आधीं कोणाचें शिक्षण सुटेल? मुलीचें. पावसाळ्यांत ओढा भरला, कीं बाप म्हणेल, "राहूं दे घरीं, धाकट्याला सांभाळ." पोरगा सायकलीवर जाईल, पोरगी चुलीपाशीं बसेल.

म्हणून तीन गोष्टी करा. ऊसतोडीला जातांना मूल आजीपाशीं ठेवा. फी भरून तालुक्याला मूल धाडण्याआधीं आपल्या शाळेंत एक दिवस बसून शिकवणें पाहा. उणें दिसलें तर समितींत उभें राहून विचारा. आणि सभेला आयांनीं यावें.

वाडवडिलांना शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती. आज शाळा दारांत आहे; ती आपल्याच आळसानें जाऊं देऊं नका.